चौपदरीकरणाची टक्केवारी आणि उरलेले किलोमीटर

महामार्गाच्या चौपदरीकरणाचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : काम किती झाले? उत्तरही ठरलेलेच असते : अमुक टक्के. वृत्तपत्रातील बातमीत, शासकीय अहवालात आणि बँकेच्या कर्जविभागातील नस्तीतही हाच आकडा मानाचे स्थान पटकावून बसलेला दिसतो. आकडा सत्तर-पंचाहत्तरच्या पुढे गेला, की आता काम संपत आले असे आपण गृहीत धरतो. पुष्कळदा हे गृहीतक चुकते. ते का चुकते आणि त्याची किंमत कोणाला मोजावी लागते, हे जबलपूर–नागपूर या मार्गाच्या आधारे समजून घेण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. ठेवीदार, कर्जदार, शेतकरी आणि बँक कर्मचारी या चौघांचाही या विषयाशी संबंध येतो. तो कसा, हे ओघाने येईलच.

रस्त्याची पूर्वपीठिका

जबलपूर आणि नागपूर यांचे नाते जुने आहे. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली. त्यापूर्वी जबलपूरचा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. लढाईनंतर तो इंग्रजांकडे गेला आणि मिर्झापूरहून जबलपूरमार्गे नागपूरकडे उतरणारा रस्ता त्यांनी पद्धतशीर बांधून काढला. त्या काळी तो ‘ग्रेट डेक्कन रोड’ म्हणून ओळखला जाई. या वाटेवरील ठगांचा उपद्रव प्रसिद्धच आहे. त्यांच्या बंदोबस्ताची मोहीम कर्नल स्लीमन यांनी जबलपुरातूनच चालविली. कटनीच्या वाटेवरील स्लीमनाबाद हे गाव आजही त्यांचे नाव मिरविते.

स्वातंत्र्योत्तर काळात हाच रस्ता राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ चा भाग झाला. वाराणसी ते कन्याकुमारी असा २,३६९ किलोमीटर लांबीचा हा मार्ग देशातील सर्वांत लांब राष्ट्रीय महामार्ग होता. २०१० मध्ये महामार्गांना नवे क्रमांक देण्यात आले. त्यानुसार जबलपूर ते लखनादौन हा भाग आता क्रमांक ३४ मध्ये मोडतो, तर लखनादौनपासून सिवनीमार्गे नागपूरकडे जाणारा भाग श्रीनगर–कन्याकुमारी या क्रमांक ४४ मध्ये येतो.

जबलपूरहून निघालेला प्रवासी तिलवारा घाटाशी नर्मदा ओलांडतो. पुढे बरगी, धूमा, लखनादौन, छपारा आणि सिवनी ही गावे मागे टाकीत तो कुरई घाट उतरतो, खवासा येथे महाराष्ट्राच्या सीमेवर पोहोचतो आणि देवलापार व मनसर करीत नागपूर गाठतो. हे सारे अंतर साधारण २७० किलोमीटर भरते. जबलपूरच्या मराठी घरांना हा रस्ता तोंडपाठ असतो. लग्नकार्य, मुलांचे शिक्षण, मोठ्या आजाराचे औषधोपचार यांपैकी कशासाठी ना कशासाठी नागपूरची फेरी होतेच. अशा घरांत ‘नागपूर किती लांब?’ या प्रश्नाचे उत्तर किलोमीटरमध्ये कोणी देत नसे. उत्तर मिळे ते तासांत, आणि तेही ऋतुमानानुसार बदलत असे.

बैलगाडी आणि मोटार

दोन पदरी रस्ता चार पदरी करावयाचा हे ठरते कशावरून? त्यासाठी रस्त्यावरील वाहने मोजतात. परंतु नुसती वाहने मोजून भागत नाही. सायकल आणि मालमोटार रस्त्यावर सारखीच जागा अडवीत नाहीत. म्हणून प्रत्येक वाहनाचे मोटारगाडीच्या मापात रूपांतर करतात. इंडियन रोड्स काँग्रेसने १९९० मध्ये ठरविलेल्या कोष्टकात मोटारगाडीचे मूल्य १ धरले आहे. त्यात मोटारसायकल अर्धी, मालमोटार किंवा बस ३, ट्रॅक्टर-ट्रॉली साडेचार आणि बैलगाडी तब्बल ८! एक बैलगाडी आठ मोटारींइतकी वाट अडविते, हे वाचून प्रथम हसू येते. परंतु दोन पदरी रस्त्यावर वळणापाशी ज्वारीच्या कडब्याने भरलेल्या गाडीमागे ज्याने पंधरा मिनिटे घालविली असतील, त्याला हा आकडा पटण्यास वेळ लागणार नाही.

याच मापाने मैदानी प्रदेशातील दोन पदरी रस्ता दिवसाला सुमारे १५,००० मोटारी सुखाने वाहू शकतो. चार पदरी रस्त्याची क्षमता ३५,००० च्या घरात जाते. म्हणजे पदर दुप्पट झाले की क्षमता दुपटीहून अधिक होते. याचे कारण दुभाजक. समोरून येणाऱ्या वाहनाची भीती संपली की मागच्याला पुढे जाण्यासाठी ताटकळावे लागत नाही. समोरासमोरील धडकांना पुष्कळ आळा बसतो, तो निराळाच. चौपदरीकरणाचा खरा लाभ रुंदीपेक्षाही या विभागणीत आहे.

काम बाहेरून दिसते त्याहून बरेच खोल असते. जबलपूरपासून सिवनीपर्यंतच्या पठारावर काळ्या मातीचे पट्टे जागोजागी आहेत. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. तिच्यावर थेट रस्ता बांधला तर दोन पावसाळ्यांत तो लाटांसारखा होतो. म्हणून आधी भराव आणि चांगल्या मातीचा दाबलेला थर, त्यावर पाणी झिरपू देणारा खडी-मुरुमाचा थर, त्यावर ओल्या मिश्रणाची खडी, नंतर डांबरमिश्रित जाड थर आणि सर्वांत वर गुळगुळीत थर अशी उतरंड रचावी लागते. प्रवाशाला दिसतो तो शेवटचा, दोन-तीन बोटांचा. अभियंत्यांचा बहुतेक वेळ खालच्या थरांत आणि मोऱ्या-पुलांत जातो.

टक्केवारीचे गणित

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कामाची प्रगती दोन प्रकारे मोजतात. किती पैसे खर्च झाले ही आर्थिक प्रगती आणि प्रत्यक्ष काम किती झाले ही भौतिक प्रगती. भौतिक प्रगती काढताना मातीकाम, खडीचे थर, डांबरीकरण, पूल आणि इतर कामे यांना ठराविक भार देऊन बेरीज करतात. ही पद्धत शास्त्रशुद्ध आहे. फक्त ती एका गोष्टीविषयी मौन पाळते : झालेले काम सलग आहे की तुकड्यातुकड्यांत?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, साठ किलोमीटरचा दोन पदरी रस्ता आहे आणि त्यावर सरासरी वेग ताशी ४० किलोमीटर आहे. प्रवासाला दीड तास, म्हणजे ९० मिनिटे लागतात. चौपदरीकरणानंतर वेग ताशी ८० होईल आणि वेळ ४५ मिनिटांवर येईल. आता ४८ किलोमीटरचे काम पूर्ण झाले, म्हणजे ८० टक्के. राहिलेले १२ किलोमीटर खोदून ठेवलेले आहेत, तेथे वळणरस्ते आहेत आणि वेग ताशी २० वर उतरला आहे. झालेल्या ४८ किलोमीटरना ३६ मिनिटे लागतात. राहिलेल्या १२ किलोमीटरनाही ३६ मिनिटेच लागतात! एकूण वेळ ७२ मिनिटे. पंचेचाळीस मिनिटे वाचावयाची होती, वाचली अठरा. काम ८० टक्के झाले आणि लाभ पदरात पडला ४० टक्के.

येथे आणखी एक बारकावा लक्षात घ्यावा. राहिलेला तुकडा हातही न लावता जुन्या स्थितीत ठेवला असता, तर तेथे वेग ४० च राहिला असता आणि कामाच्या प्रमाणात लाभही ८० टक्के मिळाला असता. घोळ होतो तो अर्धवट उकरून ठेवलेल्या रस्त्यामुळे. म्हणून प्रगती-अहवाल वाचताना ‘किती झाले’ याच्याइतकाच ‘किती उघडे पडले आहे’ हा प्रश्न विचारावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

करारांची भाषा या बाबतीत प्रवाशाच्या बाजूची नसते. ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या पद्धतीच्या नमुना करारात एकूण लांबीच्या ७५ टक्के रस्ता वापरायोग्य झाला की तात्पुरते पूर्णत्व प्रमाणपत्र देण्याची तरतूद राहिली आहे. त्या आधारे पथकर घेता येतो. बांधणाऱ्याला आणि त्याला कर्ज देणाऱ्या बँकेला उत्पन्नाचा झरा लवकर सुरू व्हावा, हा त्यामागील हेतू समजण्यासारखा आहे. परंतु त्यामुळे उरलेल्या चतुर्थांश भागाची निकड कमी होते, हेही नाकारता येत नाही.

पेंचचा खोळंबा

जबलपूर–नागपूर मार्गावर हे गणित कागदावर राहिले नाही. १९९८-९९ पासून आकाराला आलेल्या राष्ट्रीय महामार्ग विकास प्रकल्पात सुवर्ण चतुष्कोनाबरोबर उत्तर–दक्षिण आणि पूर्व–पश्चिम असे दोन महामार्ग योजलेले होते. श्रीनगर–कन्याकुमारी हा उत्तर–दक्षिण मार्ग सागर, नरसिंहपूर, लखनादौन, सिवनी, नागपूर असा आखला गेला. जबलपूर शहर, जे सर्वांत लांब राष्ट्रीय महामार्गावर होते, ते या नव्या आखणीतून सुमारे ८० किलोमीटर बाजूला पडले. सैन्यासाठी ‘शक्तिमान’ मालमोटारी बनविणारा कारखाना १९६९ पासून ज्या शहरात उभा, त्याच शहराला चार पदरी रस्त्यासाठी लखनादौनपर्यंतच्या वेगळ्या कामाची वाट पाहावी लागली, हा योगायोग जबलपूरकरांना खटकल्यास नवल नाही. ते काम पुढे २०१० नंतरच्या दशकात झाले.

मुख्य मार्ग डिसेंबर २००७ पर्यंत पूर्ण करण्याचे मूळ उद्दिष्ट होते. पठारावरील आणि नागपूरजवळील टप्पे पुढेमागे होत राहिले. खोळंबा झाला तो मधल्या जंगलात. सिवनीच्या दक्षिणेस मोहगाव ते खवासा हे सुमारे २९ किलोमीटर मध्य प्रदेशात आणि खवासा ते मनसर हे सुमारे ३७ किलोमीटर महाराष्ट्रात पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरातून जातात. पेंच ते कान्हा या वनांना जोडणारा वन्यजीवांचा संचारमार्गही याच भागात आहे. रुडयार्ड किपलिंग यांनी मोगलीच्या कथांसाठी निवडलेल्या सिवनीच्या टेकड्या त्या याच. २७० किलोमीटरपैकी साधारण ६६ किलोमीटर, म्हणजे जवळपास पाव रस्ता अशा प्रदेशात होता, जेथे झाड तोडण्यासाठीही अनेक परवानग्यांची आवश्यकता होती.

अडचण साधी नव्हती. दोन पदरी रस्ता हरणाला, रानकुत्र्याला किंवा वाघाला रात्रीच्या वेळी ओलांडता येतो. चार पदरी रस्ता, मधला दुभाजक आणि अखंड वाहतूक यांची मात्र भिंत होते. जंगलाचे दोन तुकडे पडले की दोन्हीकडील वाघांची कुळे वेगळी होतात आणि काही पिढ्यांनी त्यांचा कस उतरतो. ही भीती वन्यजीव अभ्यासकांनी मांडली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीपुढे गेले. छिंदवाड्यावरून वळसा घालणारा पर्यायी मार्ग सुचविण्यात आला. त्यास सिवनीच्या नागरिकांनी विरोध केला, कारण महामार्ग हीच त्या गावाची बाजारपेठ. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होते. म्हणूनच निकाल लवकर लागेना.

दरम्यान जुना रस्ता सुधारावा की नवा होणार म्हणून सोडून द्यावा, या संभ्रमात त्याची दुर्दशा झाली. खड्ड्यांतून मालमोटारी रांगत जात. अखेर २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने रस्त्याच्या दुरवस्थेची स्वतःहून दखल घेतली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढेही वृक्षतोडीचा प्रश्न आला. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या सल्ल्याने तोडगा निघाला तो असा : रस्ता जंगलातूनच जाईल, परंतु जेथे प्राण्यांची वाट आहे तेथे तो खांबांवर उचलला जाईल आणि प्राणी खालून जातील.

महाराष्ट्राच्या बाजूस अशा नऊ रचना झाल्या. पाच भुयारी मार्ग आणि चार लहान पूल, सर्वांत लांब रचना ७५० मीटरची. केवळ वाहतुकीचा विचार केला असता तर त्या ठिकाणी साध्या मोऱ्यांनी काम भागले असते. खर्च वाढला, यात शंका नाही. तो वाया गेला का? भारतीय वन्यजीव संस्थेने मार्च ते डिसेंबर २०१९ या काळात तेथे स्वयंचलित कॅमेरे लावून निरीक्षण केले. वन्यप्राण्यांच्या अठरा जाती त्या वाटांनी ये-जा करताना आढळल्या. चितळ सर्वाधिक. अकरा वेगवेगळे वाघ मिळून ८९ वेळा रस्त्याखालून गेले. पट्ट्यांच्या ठेवणीवरून प्रत्येक वाघ वेगळा ओळखता येतो, म्हणून अकरा हा आकडा अंदाजाचा नाही. वाघ नव्या वाटेने जाईल की नाही, यावर दहा वर्षे वाद झाला. वाघांनी त्याचा निकाल दहा महिन्यांत लावला.

मध्य प्रदेशाच्या बाजूचा मोहगाव–खवासा टप्पा २०२१ मध्ये पुरा झाला. तेथे चौदा भुयारी मार्ग आहेत आणि जंगलाच्या बाजूने सुमारे चार मीटर उंचीचे पोलादी पडदे उभारले आहेत. वाहनांचा आवाज आणि दिव्यांचे झोत जंगलात पोहोचू नयेत, ही त्यामागील कल्पना. कुरई घाटातून जाताना प्रवाशाला आता झाडांऐवजी पडदे दिसतात. जुन्या वाटेने मोगलीचे जंगल पाहत गेलेल्यांना ते थोडे चुकल्यासारखे वाटते, परंतु जंगल आपल्यासाठी नाही हे एकदा मान्य केले की तक्रार उरत नाही.

उद्दिष्ट २००७ चे आणि पूर्तता २०२१ ची. या चौदा वर्षांत श्रीनगर–कन्याकुमारी महामार्गाची एकंदर टक्केवारी वाढत होती, तेव्हाही जबलपूरच्या प्रवाशाला नागपूर लांबच होते. असा अनुभव एकट्या पेंचचा नाही. मुंबई–गोवा मार्गावर पनवेल–इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे काम २०११ मध्ये सुरू झाले. कर्नाळा अभयारण्याच्या तुकड्यासह तेथील जमीन आणि परवानग्यांच्या अडचणी कोकणवासीयांना चांगल्याच परिचयाच्या आहेत.

बँकेच्या खतावणीतून

हे सारे पाहताना बँकेची भूमिका कोठे येते? रस्त्याचे कर्ज बारा-पंधरा वर्षांचे असते. बँकेकडील ठेवी बहुतांश एक ते तीन वर्षांच्या. अल्प मुदतीच्या पैशाने दीर्घ मुदतीचे काम उभे करावयाचे, ही मुळातच कसरत. रस्ता वेळेवर झाला तर पथकर सुरू होतो आणि हप्ते फिटू लागतात. रखडला तर बांधकामकाळातील व्याज मुद्दलावर चढत जाते. समजा, ६०० कोटींचे कर्ज दहा टक्क्यांनी उचलले आहे. एका वर्षाचा विलंब म्हणजे ६० कोटींचा बोजा, आणि या साठ कोटींत खडीचा एक दगडही येत नाही. २०१२ नंतरच्या काळात देशातील अनेक रस्ते-प्रकल्प याच कारणाने आजारी पडले आणि बँकांच्या अनुत्पादक कर्जांत त्यांचा वाटा मोठा राहिला.

यातून काही सुधारणा झाल्या. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र शासनाने ‘हायब्रिड ॲन्युइटी’ ही पद्धत मंजूर केली. तीत खर्चाचा ४० टक्के भाग शासन बांधकामाच्या काळातच देते आणि उरलेला ६० टक्के पुढील पंधरा वर्षांत सहामाही हप्त्यांनी व्याजासह फेडते. वाहने किती येतील याची जोखीम बांधणाऱ्याच्या माथी राहत नाही. अर्थात जोखीम नाहीशी होत नाही, ती सरकारी तिजोरीकडे जाते, एवढेच.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती जमिनीची अट. या पद्धतीत ८० टक्के जमीन ताब्यात आल्याशिवाय कामाचा आरंभदिन जाहीर होऊ नये, असा दंडक घातला गेला. रिझर्व्ह बँकेनेही प्रकल्प-कर्जांविषयी नवे निर्देश दिले असून ते १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाले आहेत. सार्वजनिक-खाजगी भागीदारीच्या पायाभूत प्रकल्पांत किमान ५० टक्के आणि इतर प्रकल्पांत साधारणतः ७५ टक्के जमीन हाती आल्याखेरीज कर्जवाटप करू नये, अशी त्यात तरतूद आहे. व्यापारी उपयोग सुरू होण्याची तारीख पायाभूत प्रकल्पांसाठी तीन वर्षांपर्यंत पुढे नेता येते. त्यापलीकडे गेल्यास कर्जाला पूर्वीचा दर्जा राखता येत नाही. पेंचसारखा चौदा वर्षांचा खोळंबा या चौकटीत बसणे शक्यच नाही. म्हणून आमच्या मते कर्ज-प्रस्ताव तपासणाऱ्या अधिकाऱ्याने ‘किती टक्के जमीन’ एवढ्यावर न थांबता ‘कोणती जमीन’ हे नकाशावर बोट ठेवून विचारावे. ऐंशी टक्के हाती असलेल्या जमिनीतील उरलेले वीस टक्के जर पुलाच्या दोन्ही टोकांना असतील, तर त्या ऐंशी टक्क्यांना फारसा अर्थ नाही.

ज्याची जमीन जाते तो

जमिनीचा आकडा कागदावर टक्केवारीत येतो. प्रत्यक्षात तो गटक्रमांक, विहीर, आंब्याची झाडे आणि एका कुटुंबाचे पोट असा असतो. महामार्गासाठी भूसंपादन राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ नुसार होते. कलम ३ए खाली जमीन घेण्याचा मानस राजपत्रात प्रसिद्ध होतो. त्यानंतर २१ दिवसांत हरकत घेता येते. ही मुदत अनेकांची केवळ अज्ञानाने हुकते. कलम ३डी ची घोषणा झाली की जमीन केंद्र शासनाकडे निहित होते, आणि ही घोषणा ३ए च्या अधिसूचनेपासून एका वर्षात झाली नाही तर ती अधिसूचना निष्प्रभ ठरते. मोबदला कलम ३जी खाली ठरतो. तो मान्य नसल्यास लवादाकडे जाता येते. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातील मोबदल्याच्या तरतुदी १ जानेवारी २०१५ पासून महामार्गांनाही लागू झाल्या असून त्यात बाजारमूल्याइतकीच आणखी दिलासा रक्कम मिळते.

त्यापूर्वीच्या शेतकऱ्यांचे काय? १९९७ पासून २०१४ अखेरपर्यंत महामार्गांसाठी घेतलेल्या जमिनींना दिलासा रक्कमच नव्हती. रेल्वेसाठी किंवा धरणासाठी जमीन गेली तर ती मिळे, महामार्गासाठी गेली तर मिळत नसे. सर्वोच्च न्यायालयाने १९ सप्टेंबर २०१९ रोजी तरसेम सिंग प्रकरणात हा भेद घटनाबाह्य ठरविला आणि ४ फेब्रुवारी २०२५ च्या निर्णयात हा लाभ पूर्वीच्या संपादनांनाही लागू असल्याचे स्पष्ट केले. ज्यांच्या जमिनी त्या काळात गेल्या त्यांनी जुनी कागदपत्रे शोधून विधिज्ञांचा सल्ला अवश्य घ्यावा. प्रत्येकाचा हक्क त्याच्या निवाड्याच्या तारखांवर अवलंबून राहील.

शाखेत काम करणाऱ्यांसाठी येथे दोन व्यवहारी गोष्टी सांगणे अगत्याचे वाटते. संपादित जमिनीवर पीककर्जाचा किंवा गहाणाचा बोजा असल्यास त्या मोबदल्यात बँकेचेही हितसंबंध असतात. तेव्हा अधिसूचना प्रसिद्ध होताच शाखेने तिच्यातील गटक्रमांक आपल्या कर्जनोंदींशी ताडून पाहावेत आणि सक्षम प्राधिकाऱ्याकडे आपली नोंद करावी. शेतकऱ्यानेही होऊन शाखेला कळवावे. क्षेत्र घटले की पीककर्जाची मर्यादाही नव्याने ठरवावी लागते, आणि हे खरीप तोंडावर आले असताना समजले तर बियाण्याचे पैसे अडकतात. दुसरी गोष्ट खात्यांची. मोबदला सातबाऱ्यावरील (मध्य प्रदेशात खसऱ्यावरील) सर्व हिस्सेदारांना मिळतो. वारसनोंदी अपुऱ्या असतील, एखादी बहीण सासरी असून तिचे खातेच नसेल, तर संपूर्ण कुटुंबाची रक्कम महिनोन्महिने पडून राहते. अशा कुटुंबांची खाती आधीच उघडून ठेवणे हे शाखेच्या हातचे काम आहे, आणि त्यासाठी कोणत्याही वरिष्ठ मंजुरीची आवश्यकता नाही.

रक्कम हाती आल्यानंतरचा मोह वेगळा. महामार्गालगत घेतलेली चकचकीत गाडी आणि अर्धवट बांधलेले दुकान अशी जोडी अनेक गावांत पाहावयास मिळते. जमीन दरवर्षी उत्पन्न देत होती, तेव्हा तिच्या बदल्यात आलेल्या पैशानेही दरवर्षी काही द्यावे, या हिशेबाने निदान निम्मी रक्कम मासिक व्याजाच्या ठेवीत ठेवण्याचा सल्ला शाखाधिकाऱ्याने संकोच न करता द्यावा. ठेव वाढविण्यासाठी दिलेला सल्ला म्हणून ग्राहक त्याकडे संशयाने पाहील, हे मान्य. तरीही द्यावा.

जबलपूरचा दुसरा रस्ता

पेंचचा धडा अन्यत्र कामी आला का, याचे एक उत्तर जबलपूरच्याच दुसऱ्या रस्त्यावर मिळते. जबलपूर–भोपाळ हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४५ नौरादेहीच्या वनांतून जातो. हा परिसर २०२३ पासून वीरांगना दुर्गावती व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित आहे. तेथील सुमारे बारा किलोमीटरच्या टप्प्यात प्राण्यांसाठी २५ भुयारी मार्ग ठेवण्यात आले. पेंचमध्ये जे न्यायालयाच्या दारात ठरले, ते येथे आखणीतच आले. दोन्ही बाजूंना जाळीचे कुंपण आहे. त्याचा उपयोग प्राण्यांना अडविण्यापेक्षा भुयारी मार्गाच्या तोंडाशी आणून सोडण्याचा अधिक.

२०२५ च्या डिसेंबरात येथील आणखी एका प्रयोगाची माहिती राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने दिली. घाटातील सुमारे दोन किलोमीटरच्या धोक्याच्या पट्ट्यात डांबरावर पाच मिलिमीटर जाडीचे लाल चौकोन उमटविले आहेत. गतिरोधकासारखा धक्का त्यांनी बसत नाही. चाकांखाली हलकी थरथर जाणवते, रंग डोळ्यांत भरतो आणि चालकाचा पाय आपोआप वेगावरून उचलला जातो. रस्त्याच्या कडेला पांढऱ्या रेषा आहेत, त्यांच्यावर चाक गेले की पुन्हा तीच थरथर. भुयारी मार्गांपाशी कॅमेरे बसविले आहेत. तेथून किती जाती आणि किती वाघ जातात, त्याची मोजदाद आता ते कॅमेरे करीत आहेत.